कुणाच्या हातचा पाव

पाव बसायला लागले तेव्हा थोरलीने आधी पिठाला दोष दिला, मग हवेला आणि मग धाकटीला. धाकटीपाशी आल्यावर मात्र ती तिथेच थांबली. तिला पुढे जायची गरजच वाटली नाही.

घरात सुना दोन. मोठी ती थोरली, लहान ती धाकटी. सासऱ्यांनी तसं म्हणायला सुरुवात केली आणि गल्लीनेही तेच उचललं. पुढच्या अंगाला दुकान, मागे भट्टी, भट्टीला लागून कोठी आणि वरच्या मजल्यावर राहायच्या खोल्या. सासरे होते तोवर पीठ मळायचा मान त्यांचा. त्यांच्या हाताखाली थोरली शिकली, आणि ते गेल्यावर कुणी न सांगता भट्टीची मालकीण झाली. तिचा नवरा भट्टी पेटवायचा, मोडलं-तुटलं दुरुस्त करायचा आणि बोलायचं काम होता होईल तो दुसऱ्यांवर सोडायचा. धाकटा दीर गाडीतून माल पोचवायचा. सासूबाई गल्ल्यावर बसायच्या. तिथून त्यांना गिऱ्हाईक, भट्टी आणि दोन्ही सुना एकाच नजरेत दिसायच्या, त्यामुळे त्या सहसा जागेवरून उठत नसत.

धाकटी आली ती औषधांच्या कारखान्यातली नोकरी सोडून. तिथे तपासणीच्या खोलीत बसून ती गोळ्या पाण्यात किती वेळात विरघळतात ते बघायची. “आता आमचे पाव विरघळवून बघणार का गं?” असं थोरलीने पहिल्याच आठवड्यात विचारलं, तेव्हा दोघी पोट धरून हसल्या होत्या. मळायची पाळी ठरलेली, एक दिवस थोरली, एक दिवस धाकटी. धाकटीचा हात हलका होता, हे थोरलीने स्वतः चारचौघांत कबूल केलं होतं.

आणि मग पाव बसायला लागले. रोज नाही. रोज बसले असते तर एवढं डोकं पिकलं नसतं. चार दिवस पाव असे टम्म फुगायचे की साच्याबाहेर डोकावायचे, आणि पाचव्या दिवशी साच्यातच मान टाकायचे. वरून तांबूस, दिसायला ठीक, पण सुरी घातली की आत ओलं, चिकट, गिच्च. दाताखाली साबणासारखं लागायचं.

सासूबाईंनी पहिल्याच दिवशी खमीर तपासलं. ग्लासात कोमट पाणी, चिमूटभर साखर, चमचाभर खमीर. थोड्या वेळात फेस ग्लासाच्या काठावरून खाली उतरला. “खमीर तर जिवंत आहे,” त्या म्हणाल्या आणि तो विषय तिथे मिटला. मैद्याचं पोतं बदलून पाहिलं. मिठाचा पुडा बदलला. पाव आपले मनाला येईल तेव्हा बसत राहिले.

त्याच सुमारास धाकटीच्या भावाने पलीकडच्या रस्त्यावर दुकान काढलं. कारखान्यातले पाकीटबंद पाव, एकसारखे कापलेले, पाकिटावर गव्हाच्या लोंब्यांचं चित्र. थोरली येता-जाता त्या दुकानावरून गेली, काचेतून डोकावली, आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. आपले पाव बसले तर कुणाचे खपतील?

एकदा हा धागा हाती लागल्यावर सगळं भराभर जुळत गेलं. धाकटीच्या पाळीला पाव बसला, की झालं, दिसलंच की. धाकटीच्या पाळीला पाव फुगला, तर संशय येऊ नये म्हणून केलेली चलाखी. थोरलीच्या स्वतःच्या पाळीला बसला, तर त्या दिवशी हवा ढगाळ होती. धाकटी गप्प बसली तर मनात पाप, आणि बोलली तर बघा कशी तोंड वर करून बोलते. नवऱ्याने एकदा चहा पिता पिता म्हटलं, “परवाचा तर तुझ्याच हातचा बसला होता.” थोरलीने कप इतक्या जोरात ठेवला की चहा बशीत आला. “परवा ढग होते!” ती म्हणाली. नवऱ्याने खिडकीकडे बघितलं. बाहेर आजही ढग होते आणि आजचे पाव टम्म होते.

थोरलीने धाकटीवर नजर ठेवली ती डोळ्यांत तेल घालून. तिने मैदा कसा घेतला, पाणी कोणत्या हाताने ओतलं, कोठीत ती किती वेळ होती, पिठावर ओलं फडकं टाकून कुठे गेली, फोनवर कुणाशी हळू आवाजात बोलली. सापडत काहीच नव्हतं, आणि सापडत नाही म्हणून थोरलीची खात्री आणखी पक्की होत होती. एवढं सफाईने करणारी बाई साधी असूच शकत नाही.

वसतिगृहाच्या बाई सगळ्यांत मोठ्या गिऱ्हाईक. सबंध वसतिगृहाचा सकाळचा पाव इथून जायचा. एका सकाळी त्या स्वतः दुकानात आल्या, पिशवीतून पाव काढला आणि काउंटरवर आपटला. दगड पडल्यासारखा आवाज झाला.

“हे काय आहे? मुली भिंतीवर फेकून खेळतायत.”

थोरलीने पदराला हात पुसले. सासूबाई गल्ल्यावरून बघत होत्या, धाकटी मागे साचे घासत होती. आणि थोरलीच्या तोंडून गेलं, “काय सांगू बाई, बाहेरच्या वैऱ्याला दार लावता येतं. घरातल्याला काय करायचं?”

मागे साचे घासायचा आवाज थांबला. वसतिगृहाच्या बाईंनी मान तिरकी करून आत बघितलं, ओठ मुडपले आणि सगळं समजल्यासारखी मान हलवली. त्या दिवसापासून गल्लीतली गिऱ्हाइकं पाव घेताना विचारायला लागली, “आज कुणी मळलाय?”

दुसऱ्या दिवशी थोरलीने सांगून टाकलं, “उद्यापासून मी एकटीच मळणार. तू दुकान बघ.” धाकटीने एकदा तिच्याकडे बघितलं आणि ॲप्रन खुंटीला अडकवला.

थोरली एकटी मळायला लागली, आणि पाव बसले. मग ही मैद्यातच काहीतरी कालवून ठेवत असेल, म्हणून तिने कोठीला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. तरीही पाव बसले. मग कुलपाची दुसरी किल्ली दिराकडे असणार, आणि दीर शेवटी बायकोचाच. तिने कुलूप बदललं. पुन्हा पाव बसले. त्या सकाळी साच्यातला चपटा पाव हातात घेऊन ती उभी होती आणि मनात नवी जुळवाजुळव चालू होती, तेवढ्यात धाकटी भट्टीच्या दारात येऊन उभी राहिली.

“ताई, एक विचारू?”

“विचार.”

“मला मळू दिलं नाहीत, तरी बसले. कोठीला कुलूप लावलंत, तरी बसले. कुलूप बदललंत, तरी बसले. आता मला एवढंच सांगा, काय झालं म्हणजे तुम्ही म्हणाल की ही नाही?”

थोरलीने उत्तर द्यायला तोंड उघडलं. भट्टीत लाकूड तडतडलं. सासूबाई दुकानातून आत आल्या होत्या, नवरा हातात पकड घेऊन उभा होता. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. थोरलीने मनात शोध शोध शोधलं. धाकटी रडली तर? नाटक म्हणेन. शपथ घेतली तर? खोटी म्हणेन. माहेरी निघून गेली तर? पळून गेली म्हणेन. तिच्याकडे उत्तरच नव्हतं, आणि नाही हे तिला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

“काहीच नाही ना?” धाकटी दारातून आत आली. “पाव फुगला तरी मीच, बसला तरी मीच. मग हे पावाचं कारण नाही, ताई. हा माझ्यावरचा राग आहे. राग असेल तर तसं सांगा, मी ऐकून घेते. पण त्याला कारण म्हणू नका.”

“तोंड सांभाळून बोल,” थोरली म्हणाली, पण त्यात जोर नव्हता.

“मी सांभाळतेच आहे. कारखान्यात आम्हाला पहिल्या दिवशी एकच शिकवलं होतं. गोळी खराब का निघाली याचं कारण सांगायचं असेल, तर आधी हे सांगायचं, की काय दिसलं तर तुमचं कारण खोटं ठरेल. तेवढं सांगता येत नसेल तर खोलीतून बाहेर जायचं.”

सासूबाई स्टुलावर टेकल्या. दुकान सोडून त्या आत येऊन बसल्या म्हणजे प्रकरण साधं नव्हतं. “थोरले,” त्या म्हणाल्या, “सांग मग. काय दिसलं तर?”

थोरलीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण सासूबाईंनी विचारलं होतं. “उद्या दोघी एकाच वेळी मळू,” ती म्हणाली. “एकाच पोत्यातला मैदा, एकच पाणी, एकच भट्टी. माझा फुगेल आणि हिचा बसेल.”

“आणि दोन्ही फुगले किंवा दोन्ही बसले तर?” धाकटीने विचारलं.

थोरलीने हातातला चपटा पाव टेबलावर ठेवला. “तर तू नाहीस.”

हे शब्द तोंडातून जाताना तिला जिन्याची पायरी चुकल्यासारखं वाटलं. एवढे दिवस ती ठामपणे बोलत होती, पण असं काही बोललीच नव्हती जे उद्या सकाळी तिच्यावर उलटेल.

दुसऱ्या दिवशी पहाटे लाकडी टेबलाच्या दोन टोकांना दोन पराती मांडल्या. मैदा, मीठ, खमीर सगळं सासूबाईंनी स्वतःच्या हाताने मोजून दिलं. मीठ टाकताना, पाणी ओतताना, पीठ आपटताना थोरलीची नजर धाकटीच्या बोटांवरून हटली नाही. आपल्या परातीवर फडकं टाकलं आणि ती परातीला चिकटून बसली. नैसर्गिक विधीलाही उठली नाही. साचे भट्टीत गेले, बाहेर आले.

सगळे बसलेले. डावीकडचे तसेच आणि उजवीकडचेही तसेच, जणू एकाच आईची लेकरं.

थोरलीच्या जिभेवर वाक्य तयार होतं. हिने माझ्या पिठाला हात लावला. ते दातांपर्यंत आलं. पण ती स्वतः पहाटेपासून पापणी न लववता बसली होती, आणि हे खोटं आहे हे या घरात तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिने ते वाक्य गिळलं. कडू औषधासारखं ते खाली उतरायला वेळ लागला.

“तू नाहीस,” ती पावाकडे बघत म्हणाली.

धाकटीने मान हलवली. आनंद झाल्याचं काही तिच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. “मला वाटतं, पाणी,” ती म्हणाली. “नळाच्या पाण्याला मधूनमधून औषधाचा उग्र वास येतो. औषध जास्त झालं तर खमीर मरतं. उद्या अर्ध्या पिठात नळाचं पाणी घालू, अर्ध्यात मागच्या डेअरीच्या विहिरीचं. विहिरीचा फुगला आणि नळाचा बसला तर पाणी. दोन्ही सारखेच झाले तर मी चुकले.”

हे थोरलीला पटलं. इतकं पटलं की आपल्याला आधी का सुचलं नाही याचा तिला राग आला. पहाटे धाकटी आणि दीर डेअरीतून कळश्या भरून घेऊन आले. पीठ मळलं, साचे भरले, भट्टीतून निघाले.

सगळे बसलेले.

“मग पाणी नाही,” धाकटी म्हणाली. एवढंच. तिने हात पुसले आणि परात घासायला घेतली.

थोरली तिच्याकडे बघतच राहिली. जुना संशय गेला होता, पण त्याच्या जागी नवा येऊन बसला. एवढ्या सहज कोण हरतं? काल एवढ्या ठसक्यात बोलली, सगळ्यांसमोर तोंडघशी पडली, आणि कपाळावर आठीसुद्धा नाही. हिला खरं कारण माहीत असणार. आपल्याला खेळवतेय.

“तुला माहीत आहे ना खरं काय ते?” तिने विचारलंच.

धाकटी हसली, थकलेली. “माहीत असतं तर एवढ्या पहाटे कळश्या कशाला वाहिल्या असत्या, ताई? खांदे भरून आलेत माझे. कारखान्यात रोज काहीतरी सुचायचं आणि रोज खोटं निघायचं. कारण खोटं निघालं तर कारण जातं. मी कुठे जाते?”

ती निघून गेली आणि थोरली टेबलाशी बसून राहिली. मी कुठे जाते? थोरलीचं तसं नव्हतं. तिचं कारण गेलं तेव्हा तिला आपलंच काहीतरी उपटून नेल्यासारखं वाटलं होतं.

पण एक गोष्ट तिच्याकडे होती, जी घरात दुसऱ्या कुणाकडे नव्हती. इतके दिवस तिने धाकटीची प्रत्येक हालचाल टिपली होती. ते सगळं डोक्यात जसंच्या तसं पडून होतं. आजवर तिने त्यात एकच शोधलं होतं, हिने काय वाईट केलं. आता तिने ते सगळं पुन्हा डोळ्यांसमोर आणलं आणि वेगळंच विचारलं. पाव फुगले त्या दिवशी काय निराळं होतं?

एक दिवस तिला लख्ख आठवला. मैद्याची नवी पोती आली होती आणि हमालाने ती कोठीत भिंतीवरच्या फळीखालीच रचून ठेवली होती. धाकटीचा हात फळीपर्यंत पोचेना. ती वैतागून वळली होती आणि समोरच्या भिंतीतलं कपाट उघडून तिथला खमिराचा डबा घेतला होता. त्या दिवशी ही कपाटात काय शोधतेय म्हणून थोरली दाराआडून बघत होती. आणि त्या दिवशीचे पाव टम्म फुगले होते.

खमिराचे डबे दोन होते. एकाच दिवशी, एकाच पाकिटातून सासूबाईंनी भरलेले, अगदी जुळे. एक कपाटात, एक फळीवर. ज्याच्या हाताला जो लागेल तो घ्यायचा. कोण बघतंय?

थोरली कोठीत गेली. फळीवरचा डबा उचलला. मग उगाचच, का ते तिलाही कळलं नाही, तिने फळीमागच्या भिंतीवर तळवा टेकवला. भिंत गरम होती. अंगात बारीक ताप असलेल्या माणसाच्या पाठीसारखी. भिंतीच्या पलीकडून भट्टीचं धुराडं वर जात होतं.

ती ओरडणारच होती, सापडलं म्हणून, पण तशीच थबकली. धाकटीच्या बाबतीतही तिला असंच वाटलं होतं. अगदी असंच, हीच खात्री, हेच सगळं जुळून येणं. मग यात आणि त्यात फरक काय? आतून तर काहीच फरक नव्हता.

ती दुकानात आली. “आई, पहिल्या दिवशी तुम्ही ग्लासात खमीर बघितलंत ते कुठल्या डब्यातलं?”

“कपाटातलं. का? दोन्ही एकच ना.”

“एकच होते,” थोरली म्हणाली. तिने धाकटीला हाक मारली, नवऱ्याला बोलावलं, आणि सगळ्यांसमोर उभी राहिली. “उद्या दोघी दोन्ही डब्यांतून मळू. कपाटातल्या खमिराचा पाव दोघींचाही फुगेल. फळीवरच्याचा दोघींचाही बसेल. हात कुणाचा याने काही फरक पडणार नाही. असं झालं नाही, तर मी चुकले.” आणि थोडं थांबून म्हणाली, “पुन्हा.”

धाकटीने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं.

सकाळी झालं ते तिने सांगितल्यासारखंच झालं. टेबलावर एका बाजूला फुगलेले, दुसऱ्या बाजूला बसलेले, आणि दोन्हीकडे दोघींचे. सासूबाईंनी एक फुगलेला मोडला, वाफ तोंडावर घेतली आणि “हं,” म्हणाल्या. थोरलीच्या डोळ्यांत पाणी तरारलं. पण धाकटी अजून डबा हातात फिरवत होती.

“डब्याचा दोष कळला,” ती म्हणाली. “भिंतीचा कुठे कळला? या डब्याचं झाकणच सैल असलं तर? आत दमट हवा जात असली तर?”

“अगं, आता पुरे!” थोरली कळवळून म्हणाली.

“ताई, डबे खरंच जुळे आहेत का, तेच तर बघायचंय.”

मग दोन्ही डबे घासून त्यांत नवं खमीर भरलं आणि जागा बदलल्या. फळीवरचा कपाटात, कपाटातला फळीवर. काही आठवडे वाट बघावी लागली. फळीवरचं खमीर हळूहळू मेलं, कपाटातलं तरतरीत राहिलं. तेव्हा कुठे धाकटी म्हणाली, “भिंत दिसते.” नक्की भिंतच, असं ती तेव्हाही म्हणाली नाही.

“पण ही फळी इथे ठोकली कुणी?” सासूबाईंनी विचारलं.

थोरलीचा नवरा हातातल्या पकडीकडे बघत म्हणाला, “मी. उन्हाळ्यात.”

“इथेच का?”

“या भिंतीत खिळा छान बसतो.”

“आणि एवढे दिवस बोलला नाहीत?” थोरलीने कपाळावर हात मारला.

“फळीचं कुणी विचारलं कुठे?”

दीर हसला, सासूबाई हसल्या, थोरलीलाही हसू आलं. धाकटी हसली नाही. ती ॲप्रन सोडत म्हणाली, “मला माफी वगैरे नको, ताई. तुम्ही जे वसतिगृहाच्या बाईंना सांगितलंत ते परत घेऊन या.”

थोरली दुसऱ्याच दिवशी गेली. पिशवीत दोन ताजे पाव घेतले, एक स्वतःचा, एक धाकटीचा. वसतिगृहाच्या बाईंनी खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं. फळी, भिंत, डबे, सगळं. मग खुर्ची पुढे ओढून आवाज खाली आणत म्हणाल्या, “तुम्ही फार चांगल्या आहात हो. घरातलं झाकायलाच पाहिजे माणसाला.”

“झाकत नाही बाई. खरंच तिचा काही दोष नव्हता.”

“मग ती एवढे दिवस गप्प का होती?”

“ती बोलली की.”

“बघा, बोलायलाही कमी नाही.”

थोरलीने पिशवी उघडली. तिने दोन्ही पाव पुढे ठेवले. “हे घ्या. एक माझा, एक तिचा. तुम्हीच सांगा कुठला कुणाचा.”

बाईंनी एक तुकडा चघळला, मग दुसरा. दुसऱ्यावर तोंड वाकडं केलं. “हा तिचा. मागून कडवट लागतो.”

“तो माझा आहे.”

बाईंनी उरलेला तुकडा खाली ठेवला. “मग आज तिने मुद्दाम चांगला केला असणार. तुम्ही इथे आणणार हे कळलं असेल तिला.”

थोरली त्यांच्याकडे बघत राहिली. बाई खोटं बोलत नव्हत्या. त्यांचा चेहरा शांत होता, काळजीचा होता, थोरलीवरच्या मायेचा होता. कुठून आत शिरायचं तेच तिला दिसेना. सगळीकडून बंद असलेलं घर होतं ते, आणि बांधलं होतं तिने. तिने आणखी दोनदा समजावलं, आणि दर वेळी बाईंनी तिचा हात थोपटला.

घरी आल्यावर धाकटीने विचारलं, “काय म्हणाल्या?”

थोरलीला वाटलं, सांगावं पटलं म्हणून. पण तिने खरं ते सांगितलं, कडवट तुकड्यासकट. धाकटीने सगळं ऐकलं. “बरं,” म्हणाली आणि कामाला लागली.

वसतिगृहाचा पाव पुढे दुसरीकडून जायला लागला. गल्लीतल्या एकेकाला थोरलीने धरून सांगितलं. काहींना पटलं, काहींनी मान डोलावली आणि पाव घेताना जुनाच प्रश्न विचारला. फळी उतरवली गेली. दोघी पुन्हा एक दिवसाआड मळायला लागल्या, आणि बोलणं कामापुरतं राहिलं.

पण धाकटीची एक नवी सवय थोरलीच्या लक्षात आली. तिच्या पाळीला ती खमीर आधी ग्लासात बघायची, मीठ जिभेला लावून बघायची, आणि पीठ फडक्याखाली फुगत असताना परातीजवळून हलायची नाही. थोरली आसपास असली, तर नाहीच. एखादं भांडं घ्यायला थोरली टेबलाजवळून गेली तरी धाकटीची नजर तिच्या हातांवर असायची. न बोलता, न रागावता, नुसती असायची.

ती नजर कसली, हे थोरलीला कुणी सांगायला नको होतं. धाकटीची पाळी असली आणि पिठावर फडकं पडलं, की थोरली आपणहून हात पुसायची आणि दुकानात सासूबाईंशेजारी जाऊन बसायची, साचे भट्टीत जाईपर्यंत.